आतडं नवं गणित शिकतंय, धीर धरा

भाऊ, मोठ्या आतड्याच्या ऑपरेशननंतर दिवसातून सात-आठदा संडासला जावं लागतंय म्हणून घाबरू नका. मळातलं उरलेलं पाणी शोषून घ्यायचं काम मोठ्या आतड्याचं. त्याचा तुकडा काढला की उरलेल्याला सवय व्हायला काही महिने लागतात. माझं चौथ्या महिन्यात जरा बसलं.

मी केलेली चूक सांगतो. सहाव्या आठवड्यात शेतावर भरीत पार्टी होती. हिरव्या मिरचीचं भरीत, कळण्याची भाकरी, वर कच्चा कांदा. सगळे आग्रह करत होते, मीही ऐकलं. रात्रभर टमरेल हातातून सुटलं नाही! वांग्याच्या बिया, कळण्यातली उडदाची सालं, मिरची, काहीच झेपलं नाही.

सध्या मऊ भात, पातळ वरण, ताक. पिकलेलं केळं मात्र रोज. जळगावकराला ते सांगायला नको. थोडं थोडं, पाच-सहा वेळा खा. नवा पदार्थ एका दिवशी एकच, आणि वहीत लिहून ठेवा. शेवभाजीचं नंतर बघू.

जुलाब जास्त झाले तर ओआरएस घ्या. थांबवायची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. संडासची जागा सोलवटते, पुसू नका, धुऊन खोबरेल लावा.

पोट फुगलं, वारा सरणं बंद झालं आणि उलट्या लागल्या, तर सकाळची वाट बघू नका. तडक दवाखाना गाठा.