रामकुंडातल्या अस्थी आणि धर्माच्या अभ्यासकाचं काम

धर्माचं तत्त्वज्ञान अभ्यासणाऱ्याने धार्मिक दावे खरे की खोटे हे ठरवावं, की नुसतं समजून घ्यावं, असं तुम्ही विचारलंय. माझं मत, ठरवावं. पण गाडं अडतं ते त्याआधीच, दावा कुठल्या जातीचा आहे हे न पाहिल्यामुळे.

रामकुंडाचंच घ्या. तिथे सोडलेल्या अस्थी विरघळतात, असं नाशकात सर्रास सांगतात. हा पाण्याविषयीचा दावा झाला. सारख्या वजनाच्या कोरड्या अस्थी कुंडाच्या आणि नळाच्या पाण्यात सारखाच वेळ ठेवा, वाळवून पुन्हा तोला. तत्त्वज्ञाला इथे फारसं काम नाही. (हाडातलं कॅल्शियम फॉस्फेट साध्या पाण्यात सहजी विरघळत नाही, हे रसायनशास्त्राचा कुठलाही विद्यार्थी सांगेल.) त्याच विसर्जनाने मृताला सद्गती मिळते, हा दावा मात्र तराजूत मावत नाही. तो कर्मसिद्धान्ताशी जुळतो का, हे तपासता येतं: ज्याचं त्यानेच भोगायचं, तर मुलाने केलेल्या विधीचं फळ बापाला कसं?

असली तपासणी आपल्याकडे जुनीच आहे. पुत्रकामेष्टी करूनही मुलगा होत नाही, म्हणजे वेदवचन खोटं, हा आक्षेप न्यायसूत्रांवरच्या, म्हणजे न्याय या तर्कप्रधान दर्शनाच्या मूळ ग्रंथावरच्या, वात्स्यायनभाष्यात आहे. त्यावर नैयायिकांचं, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांचं, उत्तर: कर्म, कर्ता किंवा साधन यांपैकी कशात तरी वैगुण्य असेल. उत्तर वावगं नाही. औषध लागू पडलं नाही की वैद्यही पथ्याची चौकशी करतो. घोळ होतो तो वैगुण्य निकालानंतरच शोधल्याने. म्हणून मंत्र, सामग्री, यजमान सगळं यथासांग आहे, हे विधीआधीच म्हणवून घ्यायचं. नंतर सबब चालायची नाही.

डी. झेड. फिलिप्स यांच्यासारखे अभ्यासक म्हणतात, तत्त्वज्ञाने धार्मिक भाषेचा वापर उलगडून दाखवावा, निवाडा करू नये. काही वाक्यांपुरतं ते पटतं. ‘गोदामाई’ म्हणणारा काही नदीशी रक्ताचं नातं सांगत नसतो. पण पिंडदान करणाऱ्या कित्येकांची वडिलांना खरोखर काही पोचतं अशी समजूत असते. ‘तुम्हाला तसं म्हणायचंच नाही’ असं त्यांना परस्पर सांगून टाकणं मला निवाड्यापेक्षा उद्धटपणाचं वाटतं.

निवाडा करणारा नास्तिकच असणार, अशी शंका असेल तर मीमांसा या वेदनिष्ठ दर्शनाचा पंडित कुमारिल भट्ट पाहा. वेद प्रमाण मानूनच त्याने जगाचा कर्ता ईश्वर नाकारला. पुढे उदयन या नैयायिकाने त्याच ईश्वराच्या बाजूने अनुमानं रचली, आणि तोही वेद मानणाराच.