मुंबईत गाळ्यात छोटा कारखाना चालवणाऱ्याला आणि त्याच्या कामगारांना सरकारी योजनांचा खरंच उपयोग होतो का?

तुम्ही लिहिलंय की साकीनाक्याला भाड्याच्या गाळ्यात नऊ कामगारांवर पॉवर प्रेसवर धातूचे भाग बनवण्याचं काम चालतं आणि राज्य सरकारचं एखादं अनुदान मिळेल का ते हवंय. मी कुर्ला ते मरोळ पट्ट्यातल्या गाळ्यांचे हिशेब आणि कामगारांची कागदपत्रं सांभाळतो. माझं स्पष्ट मत असं की अनुदानाच्या मागे लागण्याआधी अडकलेलं पेमेंट आणि कामगारांचा विमा, या दोन गोष्टी बघा.

अनुदान कमी का, तर राज्याची सामूहिक प्रोत्साहन योजना 1964 पासून आहे आणि उद्योग मुंबई-पुण्याच्या बाहेर, मागास भागात जावेत हाच तिचा हेतू. त्यामुळे मुंबईच्या वाट्याला फारसं काही येत नाही. मोठ्या कंपन्यांच्या बाबतीत हे मला पटतं. पण ज्याचा डायमेकर घाटकोपरला, प्लेटिंगवाला शेजारच्या गल्लीत आणि माल घेणारी पार्टी अंधेरीत, त्याने प्रेस उचलून जायचं कुठे? गाळेवाल्यांचा वेगळा विचार व्हायलाच हवा. मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमात शहरातही कर्जाला जोडून अनुदान मिळतं, खुल्या गटाला प्रकल्प खर्चाच्या 15 टक्के, महिला आणि मागासवर्गीयांना 25 टक्के. मात्र ते नव्या युनिटला. तुमचा कारखाना चालू आहे, म्हणजे तो विषय संपला.

आता पेमेंट. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची केंद्र सरकारकडची ऑनलाइन नोंदणी, केली नसेल तर आजच करा. ती फुकट आहे, एजंटला पैसे देऊ नका. नोंदणी झाली की 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम कायद्याचं संरक्षण मिळतं. करारात काहीही लिहिलेलं असो, पार्टीने 45 दिवसांत पैसे द्यायचे. करारच नसेल तर 15 दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. तक्रार ऐकायला राज्य सरकारने नेमलेली सुविधा परिषद आहे. तिच्या निकालाविरुद्ध पार्टीला कोर्टात जायचं तर आधी रकमेच्या 75 टक्के भरावे लागतात. ही तरतूद फार मोलाची आहे, कारण एरवी मोठी पार्टी तारखांवर तारखा घेऊन लहान माणसाला दमवते.

एका गाळेवाल्याचं प्रकरण मी हाताळलं, तेव्हा घोडं अडलं ते डिलिव्हरी चलनावर, म्हणजे माल पोचल्याच्या कागदावर. माल टेम्पोतून गेला होता, बिलं होती, पण निम्म्या डिलिव्हरी चलनांवर घेणाऱ्याची सही-शिक्का नव्हता. पार्टी म्हणाली, माल पोचलाच नाही. तेव्हा ड्रायव्हरला सांगून ठेवा की सही-शिक्क्याशिवाय टेम्पो रिकामा करायचा नाही. आणि परचेस ऑर्डर व्हॉट्सअ‍ॅपवर आली तरी तिची प्रिंट काढून फाइलला लावा.

नऊच कामगार ठेवण्यामागचं कारण मला माहीत आहे, दहावा आला की ईएसआय, म्हणजे कामगारांची सरकारी विमा योजना, लागू होते. बरेच जण याच भीतीने दहाव्याचं नाव हजेरीवर घेत नाहीत. कृपा करून असं करू नका. पगार 21,000 पर्यंत असेल तर मालकाचा वाटा 3.25 टक्के आणि कामगाराचा 0.75 टक्के. म्हणजे 15,000 पगारावर तुमचे सुमारे 488 रुपये. माझ्या ओळखीच्या एका पॉवर प्रेसवर ऑपरेटरची दोन बोटं गेली. विमा होता म्हणून कामगार रुग्णालयात उपचार झाले आणि घरी बसला तेवढ्या काळात पगाराच्या 90 टक्के रक्कम मिळत राहिली. विमा नसता तर त्या घराचं काय झालं असतं आणि नुकसानभरपाई देताना मालकाचं काय झालं असतं, याचा विचार करा. प्रेसच्या कामात हा धोका रोजचा आहे.

महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळाची वर्गणी पाच कामगारांपासूनच लागते, जून आणि डिसेंबरमध्ये. कामगाराचे 25 आणि मालकाचे 75 रुपये, सहा महिन्यांचे. तुम्ही ती भरत असालच. पण कामगारांच्या मुलांना मंडळाकडून शिष्यवृत्ती मिळते, हे त्यांना कुणी सांगितलंय का? मी जातो त्या गाळ्यांत बहुतेकांना हे माहीतच नसतं, आणि पैसे तर दरवेळी कापले जातात. या वेळी पगाराच्या दिवशी सगळ्यांना सांगा, ज्यांची मुलं शिकतायत त्यांची गुणपत्रिका मागवा आणि अर्ज तुम्ही स्वतः भरून द्या.

पार्टीकडे किती पेमेंट किती दिवसांपासून अडकलंय ते खाली लिहा, परिषदेकडे जाण्याइतकी कागदपत्रं आहेत का ते बघून सांगतो.