‘मासा’ आणि ‘मछली’ एकाच मुळाचे, हे कशावरून ठरवतात?

तुमचा प्रश्न असा, की मराठी ‘मासा’ आणि हिंदी ‘मछली’ एकाच मुळाचे म्हणतात, पण ‘मासा’ तर ‘मांस’च्या जास्त जवळचा वाटतो, मग हे ठरवतात कसं?

कानाला काय जवळचं वाटतं याला इथे फारशी किंमत नाही. बघायचं एवढंच, की एका भाषेतल्या ठरावीक ध्वनीच्या जागी दुसरीत पुन्हा पुन्हा तोच ठरावीक ध्वनी येतो का. एखादी जोडी योगायोगानेही जुळते. पाच-दहा जोड्या एकाच वळणाच्या निघाल्या की मात्र नियम म्हणायला हरकत नाही.

कागदावर रकाने आखा: मराठी, हिंदी, गुजराती, बंगाली, पंजाबी, शेवटी प्राकृत आणि संस्कृत. शब्द घरातले घ्या: अवयव, आकडे, जनावरं, रोजची क्रियापदं. तत्सम शब्द आधीच बाजूला काढा. ‘मत्स्य’, ‘वत्स’ सगळीकडे सारखेच दिसणार, कारण ते सगळ्यांनी थेट संस्कृतातून उचललेत. त्यांची साक्ष इथे चालत नाही. एखादा रकाना रिकामा राहिला तरी बिघडत नाही. गोव्यात रोजच्या बोलण्यात माशाला ‘नुस्तें’ म्हणतात, तो शब्दच वेगळा.

आता जोड्या बघा: मासा–मछली, वासरू–बछड़ा, सुरी–छुरी, उसळणे–उछलना, सहा–छह. मराठीत स, तिथे हिंदीत छ. गुजरातीत माछली, बंगालीत माछ, पंजाबीत मच्छी. प्राकृतात मच्छ, संस्कृतात मत्स्य. जोडाक्षर सुटं होताना आधीचा स्वर लांबला, हेही नियमानेच: संस्कृत हस्त, प्राकृत हत्थ, मराठी हात; तसंच सप्त, सत्त, सात. पंजाबीने ते जोडाक्षर आजही सांभाळलंय.

‘मांस’मधला स मुळातच स आहे आणि हिंदीतही तो स-च राहिला. ‘मासा’ त्यातून आला असता तर शेजारच्या चार भाषांत छ कुठून उपटला असता? खरी गोम अशी, की मराठीत दोन वेगळे ध्वनी एकाच स-मध्ये मिसळून गेले. नुसती मराठी बघून ‘सात’चा स आणि ‘सहा’चा स निराळे आहेत हे कळणारच नाही, ते बहिणींना विचारावं लागतं. ‘पुसणे’ घ्या. पत्ता पुसणे आणि फळा पुसणे, मराठीत क्रियापद एकच. हिंदीत मात्र पूछना आणि पोंछना. पहिलं पृच्छति-पासून, दुसरं प्रोञ्छति-पासून. दोन्हीकडे छ-चा स झाला आणि मराठीत शब्द एक होऊन बसले.

‘सहा’ आणखी एक गोष्ट दाखवतो. संस्कृतात षट्, पण प्राकृतात छ, आणि आजच्या बहुतेक भाषा छ-कडेच बोट दाखवतात. म्हणजे आजच्या भाषांचं मूळ ग्रंथातल्या संस्कृताशी अक्षरन् अक्षर जुळेलच असं नाही.

गोंधळ सगळ्यात जास्त क्ष-पाशी होतो. प्राकृतात त्याचे कधी च्छ, कधी क्ख झाले. मराठीने बऱ्याचदा पहिला घेतला, हिंदीने दुसरा: ऊस–ईख, शेत–खेत, माशी–मक्खी, कूस–कोख. मराठीत स-च्या पुढे मुळात इ किंवा ए असेल तिथे त्या स-चा श होतो, म्हणून ‘कूस’ पण ‘कुशीत’. ‘राखणे’ आणि ‘पंख’ यांत मात्र मराठीतही ख आहे. असे शब्द नियमात कोंबू नका, वेगळे लिहून ठेवा. कधी ते दुसऱ्या बोलीतून आलेले असतात. उलट छ-ने सुरू होणारा मराठी शब्द दिसला की तो तत्सम (छाया, छंद) किंवा उसना असण्याची शंका आधी घ्यावी. आणि उत्तरेकडे जोडीदारच सापडत नसेल तर कन्नडकडे वळा. ‘अडकित्ता’चं मूळ तिथे मिळतं: अडके म्हणजे सुपारी, कत्तरि म्हणजे कात्री.

पडताळायला राल्फ टर्नर यांचा भारतीय-आर्य भाषांचा तुलनात्मक कोश घ्या (1962–66). चौदा हजारांहून जास्त नोंदी आहेत आणि शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर तो फुकट वाचता येतो. नोंदी संस्कृत रूपाखाली लावल्यात, म्हणून आधी मूळ रूपाचा अंदाज हवा. ज्या रूपाआधी तारा (*) छापलेला असतो ते कुठे लिहिलेलं सापडलेलं नाही, तर्काने मांडलेलं आहे. ते पुरावा म्हणून पुढे करू नका.

याहून मागे, युरोपीय भाषांपर्यंत जायचं तरी रीत हीच. संस्कृत द तिथे इंग्रजी ट: दश–टेन, द्वौ–टू, दन्त–टूथ. जर्मन भाषाशास्त्रज्ञ याकोब ग्रिम यांनी 1822 मध्ये असे व्यंजनबदल नियम म्हणून मांडले. त्या हिशेबाने ‘दिन’ आणि ‘डे’ एकत्र बसत नाहीत, इंग्रजीत तिथे ट हवा होता. बसतो तो ‘ट्यूजडे’चा पहिला अर्धा: टीव हा जुना जर्मानिक देव, आणि त्याचं नाव आपल्या ‘देव’ शब्दाचं सख्खं भावंड आहे.