पहिल्या शाळेचं काम घेतोयस तर

ऐरोलीच्या त्या शाळेत सोळा सीसीटीव्ही कॅमेरे म्हणालास ना? मेगापिक्सेलचा हिशोब नंतर. आधी कॅमेऱ्यांना एसटीक्यूसी (सरकारी चाचणी संस्था) प्रमाणपत्र आहे का ते बघ, आणि साठवणुकीचं गणित मांड. एका कॅमेऱ्याचे 2 एमबीपीएस (सेकंदाला 2 मेगाबिट डेटा) धरले तर दिवसाला साधारण 21 जीबी. सोळांचे 30 दिवस म्हणजे 10 टीबीच्या वर. मुख्याध्यापकांना हा आकडा कोटेशन देतानाच सांग, नाहीतर डिस्क छोटी पडते, दहा दिवसांतच जुनं रेकॉर्डिंग पुसलं जातं आणि बोलणी तू खातोस.

माझी पहिली चूक विजेची. यूपीएस होता, पण फक्त एनव्हीआरला, म्हणजे रेकॉर्डिंग साठवणाऱ्या पेटीला. कॅमेऱ्यांना नेटवर्क केबलमधूनच वीज देणारा पीओई स्विच साध्या प्लगवर! लाईट गेली, कॅमेरे आंधळे, आणि एनव्हीआर मात्र ऐटीत चालू. दोन्ही एकाच यूपीएसवर घे. सोळा कॅमेऱ्यांचे सव्वाशे वॅट, एनव्हीआरचे पन्नासेक; 1 केव्हीएचा पुरतो, किती वेळ चालेल ते बॅटरीवर. अर्थिंग मीटरने मोज, शिपाईकाकांच्या ‘आहे की’वर जाऊ नकोस.

गेटचा कॅमेरा लांब असेल तर 100 मीटरपुढे तांब्याची केबल नको, फायबर टाक. उघड्यावरून जात असेल तर अंतर कमी असूनही फायबरच. जवळपास वीज पडली तरी तो झटका तांब्यातूनच आत शिरतो. आणि खाडीचा वारा केबलच्या टोकाच्या आरजे-45 प्लगच्या पिना हिरव्या करतो. जोड बंद डब्यात ठेव, केबल खालून आत घे.

स्वच्छतागृहाच्या आत कॅमेरा नाही, कुणीही सांगो. बाहेरच्या पॅसेजमध्ये मात्र हवाच.