पॅरिसच्या बिस्त्रोत जेवताना

प्रश्न : आम्ही दोघं पॅरिसला जातोय. गल्लीतल्या छोट्या बिस्त्रोत, म्हणजे साध्या खाणावळीत, जेवायचंय. मी शाकाहारी, हे सगळं खातात. पाणी, टिप, बिल यांचं कसं असतं?

उत्तर : दुपारी साडेबारालाच पोहोचा. दोननंतर बहुतेक ठिकाणी स्वयंपाकघर बंद होतं, ते थेट संध्याकाळी सात-साडेसातला उघडतं. शिरताच ‘बाँजूर’, मग टेबलाची चौकशी. फळ्यावरची ‘फॉर्म्युल’ घ्या. दोन-तीन पदार्थ ठरावीक दरात, सुट्यापेक्षा स्वस्त. ‘कराफ दो’ म्हटलंत की नळाचं पाणी फुकट. नुसतं पाणी मागितलंत तर विकतची बाटली येऊ शकते. पाव जेवणासोबत येतोच. सेवाशुल्क किमतीतच असतं, फार तर सुटी नाणी ठेवा. बिल मागितल्याशिवाय आणत नाहीत. ते दुर्लक्ष नव्हे.

खरी गोची तुमची. कांद्याचं सूप बहुधा गोमांसाच्या हाडांच्या पाण्यात शिजवतात आणि साध्याशा सॅलडवरही ‘लार्दों’, म्हणजे डुकराच्या मांसाचे परतलेले तुकडे, पडलेले असतात. ‘साँ व्याँद, साँ प्वासों’, म्हणजे मांस नको, मासे नकोत, असं दोन्ही सांगा. नुसतं मांस नको म्हटलं की मासे सुचवतात. अंडं चालत असेल तर ऑम्लेट सर्वांत बिनधोक. चीजमध्ये अनेकदा वासराच्या जठरातलं, दूध गोठवणारं ‘रेनेट’ असतं, तेव्हा काटेकोर असाल तर तेही टाळा. तुमच्या मिस्टरांनी स्टेक मागवला तर ‘ब्याँ क्वी’, म्हणजे नीट शिजलेला, असं सांगावं. ‘आ प्वाँ’, म्हणजे मध्यम शिजलेला, आतून चांगलाच गुलाबी निघतो.