समुद्र नाही पाहिला म्हणून काही अडत नाही

अरे, डंजन्स अँड ड्रॅगन्स या भूमिका वठवण्याच्या खेळासाठी आरमारी अधिकाऱ्याचं पात्र कसं रचू, असं विचारलंस ना? फुटाळा तलावाच्या पलीकडे पाणी पाहिलं नाही म्हणून ते जमणार नाही, असं कोणी सांगितलं तुला? मीही नागपूरचाच. माझी पहिली तीन पात्रं दर्यावर्दीच होती.

या खेळाच्या २०१४ च्या नियमांत ‘सेलर’ हे बॅकग्राउंड, म्हणजे पात्राची पूर्वपीठिका, तयार आहे : त्यात अॅथलेटिक्स आणि परसेप्शन ही कौशल्यं, शिवाय दिशादर्शनाची साधनं आणि जलवाहनं वापरण्यातलं प्रावीण्य मिळतं. पण त्याचं खास वैशिष्ट्य म्हणजे जहाजावर फुकट प्रवास. तो खलाशाला शोभतो, अधिकाऱ्याला नाही. त्याजागी ‘सोल्जर’ या दुसऱ्या बॅकग्राउंडचं लष्करी पदाचं वैशिष्ट्य घे. अशी अदलाबदल नियमांतच बसते. डीएमला, म्हणजे खेळ चालवणाऱ्याला, आधी विचार, एवढंच.

आकड्यांत जास्त गुंतू नको. खरी गंमत आहे ती ‘हा माणूस आता जहाजावर का नाही?’ या प्रश्नात. सरळ आपल्या इतिहासातून उचल. १७५६ साली विजयदुर्गाला तुळाजी आंग्र्यांचं आरमार जळालं. हल्ला इंग्रजांचा, आणि त्यांच्या जोडीला कोण? पेशवे! आता तुझा अधिकारी त्या दिवशी आंग्र्यांच्या एका गुराबेवर, म्हणजे लढाऊ जहाजावर, होता असं समज, नावं बदलून. आपल्याच राज्यकर्त्यांनी शत्रूशी हात मिळवलेला. तो कोणाला सलाम करेल? वाचलेले खलाशी त्याला काय म्हणत असतील?

वडील समुद्रात बुडाले, ही कथा मात्र नको रे. आमच्या खेळाच्या टेबलावर चार जणांचे वडील आधीच बुडून झालेत.

आणि हुद्दा लहानच ठेव. पहिल्या, म्हणजे अगदी नवख्या लेव्हलचा सरखेल (आरमारप्रमुख) म्हटलं की सगळे हसतात.