ताट रिकामं झालं की लगेच वाढू नका

प्रश्न : ताई, जुलैपासून आमच्या घरी एक जपानी मुलगी राहते. मूळची निगाताकडची, टोकियोच्या विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला. वर्षभरासाठी इथल्या कॉलेजात आली आहे आणि भांडी बाजार, तांबट लेन या भागातल्या कारागिरांवर प्रकल्प करते आहे. सुरुवातीचे महिने छान गेले. जे वाढू ते खायची, ताट चाटूनपुसून स्वच्छ. दिवाळीनंतर मात्र सगळं बदललं. रात्रीचं जेवण टाळते, ‘भूक नाही’ म्हणते. पहाटे पाचला उठून काळा कोट घालते, केस घट्ट बांधते आणि दार लावून लॅपटॉपशी बोलत बसते. मग दिवसभर गप्प. काहीही विचारलं तरी ‘ठीक आहे, काकू’. आंघोळ रात्री करते आणि सकाळी तशीच स्वयंपाकघरात येते, त्यावरून सासूबाई नाराज. आमचे हे म्हणतात, तिच्या आईवडिलांना कळवून टाकू. पोटच्या मुलीसारखं केलं तिचं. आमचं काय चुकलं?
— एक काकू, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : काकू, आधी तो पहाटेचा काळा कोट. ती नोकरीच्या मुलाखती देते आहे. टोकियोत सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे साडेपाच झालेले असतात, म्हणून ती पाचला उठते. काळा कोट, पांढरा शर्ट, मागे बांधलेले केस हा तिकडे नोकरी शोधणाऱ्या विद्यार्थ्यांचा जवळजवळ गणवेशच आहे.

जपानमध्ये पदवी हातात पडल्यावर नोकरी शोधायला निघत नाहीत. तिकडचं शैक्षणिक वर्ष एप्रिल ते मार्च. मार्चमध्ये पदवी घ्यायची आणि १ एप्रिलला कंपनीत रुजू व्हायचं, त्या वर्षीच्या सगळ्या नव्या मुलांबरोबर एकदमच. यासाठी सरकारने वेळापत्रक घालून दिलं आहे. तिसरं वर्ष संपताना, १ मार्चपासून कंपन्यांनी भरतीची माहिती जाहीर करायची. चौथ्या वर्षी १ जूनपासून मुलाखती आणि १ ऑक्टोबरपासून नेमणुकीचं रीतसर पत्र. प्रत्यक्षात बऱ्याच कंपन्या याच्या कितीतरी आधी हालचाल सुरू करतात. तिसऱ्या वर्षीच इंटर्नशिप असते, तिच्यासाठीसुद्धा अर्ज, लेखी चाचणी आणि मुलाखत. नव्या पदवीधरांची भरती वेगळी होत असल्यामुळे त्या तुकडीतून सुटलेल्याला पुढे आत शिरणं अवघड जातं. म्हणून परदेशी जाऊन आलेली काही मुलं पदवीचं वर्ष मुद्दाम लांबवतात आणि काही जण याच धास्तीने परदेशी जायचंच टाळतात.

तुमच्या मुलीचे वर्गमित्र आत्ता टोकियोत कंपन्यांचे उंबरे झिजवत असतील आणि ही भांडी बाजारात वही घेऊन बसली आहे. दोन देशांची वेळापत्रकं एकाच वेळी सांभाळण्याचा ताण तिच्या चेहऱ्यावर दिसतो. तुमच्यावर ती रुसलेली नाही. तिच्यासाठी एवढंच करा : मुलाखतीच्या दिवशी पहाटे मिक्सर लावू नका, आदल्या रात्री घरात सगळ्यांना सांगून ठेवा आणि वीज गेली तरी इंटरनेट चालू राहील अशी सोय करून द्या. मुलाखत कशी झाली हे मात्र विचारू नका. नकाराचे ईमेल ढिगाने येतात, त्या प्रत्येकाचा हिशेब घरी द्यावा लागणं फार जड होतं. ती आपणहून सांगेल तेव्हा ऐका.

आता जेवण. मी बरीच वर्षं कॉलेज रोडला जपानी शिकवते आणि आमच्या घराची वरची खोली परदेशी विद्यार्थ्यांना देते. जपानी मुलांच्या बाबतीत हा पेच मी पुन्हा पुन्हा पाहिला आहे. त्यांना लहानपणापासून शिकवलेलं असतं की वाटीत भाताचं शीतही ठेवायचं नाही. ताट रिकामं करणं म्हणजे ‘माझं झालं, छान होतं’. आपल्याकडे ताट रिकामं दिसलं की वाढणाऱ्या बाईचा हात थांबत नाही. ती संपवते, तुम्ही वाढता. तिने ‘पुरे’ म्हटलं की तुम्हाला वाटतं लाजते आहे, म्हणून आणखी एक पोळी. ती तीही संपवते, कारण टाकणं तिला पाप वाटतं. असे काही महिने गेले की माणूस जेवणाच्या वेळेलाच घाबरायला लागतं. ‘भूक नाही’ हा त्यातून सापडलेला एकच सभ्य रस्ता आहे.

तेव्हा आग्रह बंद. पूर्ण बंद, सणाच्या दिवशीसुद्धा. भांडी मधे ठेवा, तिचं तिला वाढून घेऊ द्या. पोळी अर्धी घेतली तर अर्धीच राहू द्या. हे तुम्हाला माया कमी केल्यासारखं वाटेल, मला ठाऊक आहे. आग्रहावरच आपली सगळी माया उभी असते. पण तिला सुटल्यासारखं होईल.

आणि भात बदलून पाहा. निगाता म्हणजे जपानमधला तांदळाचा नामांकित मुलूख, तिथला कोशिहिकारी तांदूळ देशभर वाखाणला जातो. शिजल्यावर तो चिकट होतो, चॉपस्टिकने घास उचलता येतो. तुमच्याकडे मोकळा, फडफडीत भात होत असणार. इगतपुरी-त्र्यंबककडचा इंद्रायणी आणा, नवा असला तर उत्तम, आणि थोडं पाणी जास्त घालून शिजवा. त्यावर साधं वरण, बाजूला मीठ-लिंबाचं लोणचं. मिसळीचा तर्रीचा वाटा वेगळ्या वाटीत द्या. गोडात पुरणपोळी बहुतेकांना आवडते, कारण तिकडे लाल चवळीसारख्या अझुकी कडधान्याचं गोड पुरण मिठाईत घालतातच. दूध-साखरेत शिजवलेला भात मात्र अनेकांच्या घशाखाली उतरत नाही. खीर नाकारली तर मनाला लावून घेऊ नका. कच्चं अंडं गरम भातावर फोडून खायची तिची सवय असेल, तर ते इथे नको हे स्पष्ट सांगा. तिकडे अंडी कच्ची खाण्यासाठी म्हणून धुऊन-तपासून विकतात.

तुम्ही लिहिता, पोटच्या मुलीसारखं केलं. पण काकू, पोटच्या मुलीला तुम्ही कामं सांगता ना? हिला सांगता का? पत्रात तसा उल्लेख नाही, त्यावरून मी धरून चालते की तिचं ताटही कोणीतरी दुसरंच उचलतं. जपानी शाळांत मुलंच आळीपाळीने वर्गात जेवण वाढतात आणि वर्ग, जिना, शौचालयसुद्धा झाडून-पुसून काढतात. ज्या जागेत आपण राबतो ती जागा आपली, हे त्यांच्या अंगात मुरलेलं असतं. काम न देता नुसतं बसवून ठेवलं की आपण इथे पाहुणेच आहोत आणि यांना आपला त्रास होतोय, एवढंच त्यांना कळतं. तिला रोजचं एक ठरलेलं काम द्या. आमच्याकडे राहिलेल्या एका मुलीला मेथी निवडायला बसवलं आणि पहिल्यांदा ती माझ्या आईशी मोडक्यातोडक्या मराठीत तासभर बोलली. हातात काम असलं की समोरच्याच्या डोळ्यांत बघत बोलावं लागत नाही, त्याने खूप फरक पडतो.

तुमच्या घरी तर याहून चांगला धागा आहे. निगाता प्रांतातलं त्सुबामे हे गाव तांब्याचा पत्रा हातोडीने ठोकून भांडी घडवण्यासाठी प्रसिद्ध आहे. तुमच्या पाहुणीने तांबट लेन उगीच निवडलेली नाही. घरातली जुनी तांब्यापितळेची भांडी माळ्यावरून काढा आणि चिंच-मीठ लावून तिला सासूबाईंबरोबर घासायला बसवा. मठारकामाचे, म्हणजे भांड्यावरचे हातोडीचे, ठोके कसे ओळखायचे हे ती त्यांना दाखवेल आणि पूर्वी भांडी कुठून घ्यायचे, कल्हई कोण करायचं, हे त्या तिला सांगतील. तिच्या प्रकल्पाला ते हवंच आहे.

आंघोळीचंही सासूबाईंना यातच समजावता येईल. जपानी माणूस दिवसाची धूळ अंथरुणात नेत नाही. रात्री आधी टबाबाहेर अंग घासून धुतो आणि मग गरम पाण्याच्या टबात बसतो. रात्री एवढी स्वच्छ होऊन झोपलेली मुलगी सकाळी अस्वच्छ नसते. देवघराजवळ जायचं नाही एवढा एकच नियम सांगा, ती कसोशीने पाळेल.

‘ठीक आहे ना?’ असं विचाराल तर ‘ठीक आहे’ हेच उत्तर येणार. त्याऐवजी दोन पर्याय ठेवा. ‘रात्री आमटी-भात की नुसतं सूप?’ ‘रविवारी पांडवलेणीला येतेस की झोपणार आहेस?’ दुसरा पर्याय नेहमी खरोखरचा हवा, म्हणजे तिला तो निवडता येतो.

आईवडिलांना परस्पर कळवू नका. जपानमध्ये २०२२ पासून १८ व्या वर्षी माणूस सज्ञान धरतात. तिच्या पाठीमागे फोन केलात तर तुमच्यावरचा विश्वास जाईल. एक खूण मात्र सांगून ठेवते. मुलाखतींचा ताण असूनही तिचं भांडी बाजारात जाणं सुरू असेल तर काळजी नाही. तेही थांबलं, झोप उडाली, खोलीबाहेर येईनाशी झाली, तर तिच्याशी बोलून, तिच्या संमतीने कॉलेजातल्या परदेशी विद्यार्थ्यांच्या विभागाला सांगा आणि डॉक्टरांना दाखवा. तेव्हा थांबू नका.

प्रश्न : माझ्या नातवाचा जपानी मित्र सहा-सात महिने शिकायला येतो आहे, तो आमच्याकडेच उतरेल. सरकारी सोपस्कार काय असतात? आणखी काय काळजी घ्यावी?
— एक निवृत्त शिक्षक, नाशिक रोड

उत्तर : सर, परदेशी माणूस घरात उतरला की २४ तासांच्या आत त्याच्या मुक्कामाची माहिती सरकारला ऑनलाइन कळवणं यजमानाचं काम आहे, या अर्जाला २०२५ पर्यंत ‘फॉर्म सी’ म्हणत. हॉटेललाच नाही, साध्या घरालाही ते लागू आहे. व्हिसा १८० दिवसांहून जास्त मुदतीचा असेल तर पोचल्यापासून १४ दिवसांत त्यालाही परदेशी नागरिक नोंदणी करावी लागते, तीही ऑनलाइन होते. कॉलेजचं पत्र आणि तुमच्या पत्त्याचा पुरावा आधीच काढून ठेवा.

तिकडे घरातली वीज १०० व्होल्टची, आपली २३०. मोबाइलचे चार्जर बहुधा दोन्हीवर चालतात, पण भाताचा कुकर आणि केस वाळवायचं यंत्र आणू नकोस असं त्याला निघण्याआधीच कळवा. नळाचं पाणी प्यायची सवय असते, फिल्टर कुठला ते पहिल्याच दिवशी दाखवा.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कुत्रं. जपानमध्ये १९५७ नंतर देशांतर्गत रेबीज झालेला नाही. रस्त्यावर मोकळी कुत्रीही सहसा दिसत नाहीत, त्यामुळे ही मुलं दिसेल त्या पिल्लाला हात लावायला जातात. चावा सोडाच, नुसता ओरखडा आला तरी साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी लसीसाठी दवाखाना गाठायचा, हे त्याला बजावून सांगा. भिडेपोटी तो तुम्हाला सांगणार नाही, ही शक्यता धरूनच बजावा.

प्रश्न : ताई, मी जपानमधल्या ओकायामाचा, शेतीशास्त्र शिकतो. नाशिकला द्राक्षं शिकायला आलो. माझे मित्र ऑस्ट्रेलिया, अमेरिकेला गेले. घरी सगळे विचारतात, भारतात का? इथेही लोक तेच विचारतात, नंतर वडिलांचा पगार विचारतात. मला नाशिक आवडतं, पण रात्री वाटतं, वर्ष वाया गेलं का? मार्चमध्ये परत जायचं आहे.
— एक विद्यार्थी, गंगापूर रोड

(पत्र मराठीतच आलं आहे. मी फक्त शुद्धलेखन पाहिलं.)

उत्तर : तुला एक छायाचित्र शोधून बघायला सांगते. १८८५ सालचं, अमेरिकेतल्या फिलाडेल्फियातलं. तिथल्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातल्या तीन परदेशी विद्यार्थिनी आपापल्या देशाच्या पोशाखात बसल्या आहेत. साडीतल्या आमच्या आनंदीबाई जोशी, हे नाव मराठी घराघरांत माहीत आहे. शेजारी किमोनोतल्या ओकामी केइको आणि तिसऱ्या सीरियाच्या साबात इस्लामबुली. आनंदीबाई १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या, ओकामी १८८९ मध्ये. ‘तिकडेच का?’ हा प्रश्न त्या काळात या बायकांना किती जणांनी, किती टोचून विचारला असेल! त्याआधी, १८७१ मध्ये, तुमच्या देशाने त्सुदा उमेकोला सहाव्या वर्षी अमेरिकेला पाठवलं. अकरा वर्षांनी ती परतली तेव्हा जपानी विसरली होती. पुढे १९०० मध्ये तिने मुलींसाठी शाळा काढली आणि २०२४ पासून तुमच्या ५००० येनच्या नोटेवर तिचं चित्र आहे. परत गेल्यावर लगेच कुणाला काही पटवून देता येत नाही, त्याला वेळ लागतो.

पगार विचारणाऱ्यांवर रागावू नकोस. आमच्याकडे ती ओळख वाढवायची रीत आहे. ‘पोटापुरतं मिळतं’ म्हण आणि त्यांच्या द्राक्षांचा भाव विचार. पुढचा तासभर ते बोलतील.

आता वर्ष वाया गेलं का? ओकायामा स्वतःच द्राक्षांसाठी नावाजलेलं आहे, म्हणजे तू कोऱ्या पाटीने आलेला नाहीस. तुमच्याकडे हिवाळ्यात वेल झोपते आणि छाटणी एकदाच होते. नाशिकला वेल तशी झोपतच नाही, म्हणून एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी अशी ती दोनदा करावी लागते, आणि पीक मात्र एकच घ्यायचं. हे ऑस्ट्रेलियाला गेलेल्या तुझ्या मित्राला बघायला मिळणार नाही. नोकरीच्या अर्जात ‘विद्यार्थीदशेत कशासाठी मेहनत घेतली’ हे तुम्हाला लिहावं लागतं. तिथे ‘वेगळी संस्कृती अनुभवली’ असं लिहू नकोस, ते सगळेच लिहितात. दिंडोरीच्या किंवा पिंपळगावच्या एखाद्या बागेत तू काय मोजलंस, शेतकऱ्याशी कशावरून मतभेद झाले आणि शेवटी कोणाचं बरोबर निघालं, ते लिही.

निघण्याआधी कॉलेजकडून प्रत्येक विषयाचे तास आणि गुण लिहिलेलं, सही-शिक्क्याचं पत्रक इंग्रजीत घे. तिकडे गेल्यावर ते मिळवायला महिने जातात आणि त्याशिवाय तुमचं विद्यापीठ इथला अभ्यास धरणार नाही.

मार्चमध्ये परतायचं ठरवलं आहेस, पण खरड छाटणी एप्रिलमध्ये. तुमचं सत्रही तेव्हाच सुरू होतं, हे मला माहीत आहे. तरी तुझ्या प्राध्यापकांना आजच लिही, एक-दोन आठवडे उशिरा आलो तर चालेल का म्हणून. शेतीशास्त्राचे प्राध्यापक आहेत, त्यांना कारण कळेल. परवानगी मिळाली तर बागेत नुसता वही घेऊन उभा राहू नकोस, कात्री मागून घे. आणि व्हिसाची मुदत त्याआधी तपास.